‘मॅडम, पीएफ नको, रोख द्या’

प्रश्न अंधेरीहून आला आहे. विचारणाऱ्या ताई एका मोठ्या ऑफिस-संकुलात हाउसकीपिंगचं काम बघतात. त्यांच्या ठेकेदाराने मार्चमध्ये बारा बायका कामावर घेतल्या. महिना १४,०००, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), आठवड्याची सुट्टी. जूनपर्यंत त्यातल्या सात जणी गेल्या. दोघी पुन्हा घरकामाला, तिघी केटररकडे पोळ्या लाटायला आणि दोघी घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचं काम करायला. सगळीकडे रोख पैसे, कागदाचा पत्ता नाही. ताई विचारतात, “यांना स्वतःचा फायदा कळत नाही का?”

कळतो. सोडताना त्यांनी हिशेब केलेला असतो. असे हिशेब मी इतक्यांदा कागदावर मांडून पाहिलेत की आता तोंडपाठ झालेत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतात. मी सत्तावीस वर्षं या कामात आहे. पहिली अकरा साकीनाका-मरोळ पट्ट्यातल्या लहान ठेकेदारांची मस्टरं, म्हणजे हजेरीपुस्तकं, लिहिण्यात आणि पीएफची चलनं भरण्यात गेली. नंतरची सोळा युनियनच्या ऑफिसात, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची लबाडी ओळखीची आहे, त्यात माझी स्वतःचीही आली. तिच्यावर पुढे येतोच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रोखीत काम म्हटलं की शिकलेल्या माणसाच्या मनात पहिला शब्द येतो ‘करचुकवेगिरी’. या सात जणींपैकी एकीचंही उत्पन्न आयकराच्या आसपास नाही. हे प्रकरण वेगळं आहे.

तुमच्या १४,००० पासून सुरू करू. समजा त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,००० आहेत. त्यावर १२ टक्के पीएफ, म्हणजे १,५६०. ईएसआयसीचे पाऊण टक्क्याने १०५. बायकांना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही, तेवढं सुटलं. हातात आले १२,३३५. आता घर ते ऑफिस दोन बस बदलून. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० झालं, तेव्हा रोजचे ४० आणि सव्वीस दिवसांचे हजाराच्या वर. म्हणजे सव्वाअकरा हजार. त्यातून कुणी गणवेशाचे कापले, कुणी दोन खाडे झाले म्हणून कापले, तर अकराच्या खाली.

दुसरीकडे ती पूर्वी करत होती ती चार घरं. भांडी आणि केर-लादी, घरामागे अडीच-तीन हजार. बेरीज साधारण तेवढीच, चालत जायचं अंतर, दुपारी दोन तास घरी. दिवाळीला बहुतेक घरांतून एक पगार जास्त. महापालिकेच्या शाळेतून पोरगं साडेबाराला सुटतं, तेव्हा त्याला भात वाढायला ती घरी असते. तुमच्या आठ तासांच्या पाळीत ते बसत नाही. पोराला शेजारणीकडे ठेवायचं तर तिला महिन्याचे काहीतरी द्यावे लागतात. हा खर्च पगाराच्या चिठ्ठीवर कुठे दिसतो?

पण खरी गोष्ट रकमेची नाहीच, तारखेची आहे. तुमची बाई ३ मार्चला कामावर लागली. कायद्याने मार्चचा पगार ७ एप्रिलपर्यंत व्हायला हवा. ठेकेदार म्हणतो, कंपनीचं बिल पास झालं की देतो. बिल पास होतं १५-१८ तारखेला. म्हणजे पहिला पैसा हातात यायला पंचेचाळीस दिवस. तोपर्यंत घरभाडं दोनदा द्यायचं असतं, वाण्याची वही भरत जाते, सिलेंडर संपतो. ज्याच्या गाठीला पंचेचाळीस दिवसांचं धान्य आहे तोच महिन्याच्या पगाराची वाट बघू शकतो. हातावर पोट असलेला माणूस ती वाट कर्ज काढून बघतो. वस्तीत पाच हजार घेतले तर शेकडा दहाने महिन्याला पाचशे व्याज, आणि पगार हातात आला की पहिला हात सावकाराचा. पहिल्या दोन महिन्यांत काम सोडून जाणाऱ्या बऱ्याच जणी इथेच गळतात. कुणी मला विचारलं की ‘एक सुधारणा सांगा’, तर मी पीएफचं नाव घेणार नाही, पहिल्या पगाराची तारीख म्हणेन.

केटरर रात्री अकराला पातेली उतरवल्यावर हातात पैसे ठेवतो. नाक्यावरचा बिगारी संध्याकाळी घेऊन घरी जातो. त्यातूनच त्या रात्रीचं तेल आणि पीठ येतं. घरकामाच्या बाईला जी उचल मिळते ती तर वेगळीच चीज आहे. सासू आजारी पडली, गावाला जायचंय, शाळेची फी भरायचीय, मालकिणीकडे दोन हजार मागितले की मिळतात आणि पुढच्या तीन पगारांतून फिटतात. बिनव्याजी, बिनकागदाचं, त्याच दिवशी. तुमच्या ठेकेदाराच्या एचआरकडे ती उचल मागायला गेली तर फॉर्म मिळतो. मग तिला दोन्हीपैकी सुरक्षित काय वाटेल? आपण ‘सामाजिक सुरक्षा’ ज्याला म्हणतो ती तिच्या लेखी ती मालकीण आहे. मालकीण उद्या काढूनही टाकेल, हेही तिला माहीत असतं. म्हणून तर एक घर न धरता ती चार धरते.

बँक खात्याबद्दल एक गोष्ट बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत, ऑफिसात गर्दी ओसरल्यावर सांगतात. पगार खात्यात जातो, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे किंवा मोठ्या मुलाकडे असतं. बचत गटाचा नाहीतर छोट्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, कधी पगार आला त्याच दुपारी. रोख पैसे मात्र तिच्या कमरेला, नाहीतर तांदळाच्या डब्यात. त्यातले दोनशे भिशीत टाकायचे की मुलीच्या वह्यांना द्यायचे, हे ती ठरवते. ‘रोख द्या’ म्हणणारी प्रत्येक बाई सरकारपासून पैसे लपवत नसते. पुष्कळदा ती घरातल्याच कुणापासून लपवत असते.

मग येतं रेशनकार्ड. इथे जरा थांबतो, कारण मध्यमवर्गीय वाचकाला हे सहसा ठाऊक नसतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात शहरी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० आहे. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. त्याखाली बसलात तर माणशी ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो. मुंबईत किमान वेतनावरची कुठलीही पक्की नोकरी त्या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. तुमचे १४,००० वर्षाला १,६८,००० होतात. आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागेवर, खाजगी शाळेत मुलाला घालायचं तर दुर्बल गटासाठी मर्यादा एक लाख. जुलै २०२४ पासून आलेल्या लाडकी बहीण योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिचे १४,००० आणि नवऱ्याचे १२,००० दोन्ही कागदावर आले तर वर्षाला ३,१२,००० होतात, आणि महिन्याचे १,५०० धोक्यात. त्या योजनेत पिवळ्या किंवा केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, म्हणजे सगळा खेळ पुन्हा कार्डाच्या रंगावर.

पीएफ नंबर निघाला म्हणून उद्या कुणाचं कार्ड पांढरं झालं, असं मी फारसं पाहिलेलं नाही. भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे. पण सगळीकडे आधार जोडलेलं आहे, आणि वस्तीत एकीचं धान्य कुठल्याही कारणाने बंद झालं की पन्नास जणी नोकरीच्या कागदावर अंगठा द्यायला घाबरतात. त्यांना मूर्ख म्हणण्याआधी एवढंच बघावं की मर्यादा लिहिणाऱ्याने ५९,००० हा आकडा मुंबईत राहून लिहिलेला नसावा.

आता पीएफवर. तुमच्या बायका म्हणतात ‘पीएफ नको’, त्याचा अर्थ मी सोळा वर्षं ऐकून असा लावलाय की ‘जो परत मिळत नाही तो पीएफ नको’. आमच्या ऑफिसात आठवड्याला जे अडकलेले क्लेम येतात, त्यांत निम्मी भांडणं नावाची. आधारवर माहेरचं नाव, पीएफला सासरचं. एकीकडे सुनीता, दुसरीकडे सुनीताबाई. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर ‘१ जानेवारी’. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) न विचारता नवा काढतो. एका बाईचे चार निघाले होते. पुढे पेन्शन. दहा वर्षांची नोकरी भरली तर मिळते आणि किमान रक्कम महिना १,०००, ती २०१४ पासून तेवढीच आहे. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात, आणि हाउसकीपिंगचा ठेका दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. बाई तीच, झाडू तोच, लादी तीच, फक्त शर्टावरचं नाव नवं आणि नोकरी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू. हे ज्याने दोनदा भोगलंय तो तिसऱ्या वेळेला १,५६० रुपये हातात मागतो, त्याला आडमुठेपणा कसा म्हणू?

माझी लबाडी सांगायची राहिली. पीएफ वीस माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. ज्या ठेकेदारांची मस्टरं मी लिहीत होतो त्यांत मोजून एकोणीस नावं असलेली किती होती, ते मला आठवतं. बाकीची नावं ‘कच्च्या’ मस्टरवर. मालकाचा हिशेब सोपा आहे. पीएफचे प्रशासन-विम्यासकट १३ टक्के, ईएसआयसीचे सव्वातीन, बोनसचे किमान ८.३३, ग्रॅच्युइटी, रजा. ढोबळ धरलं तर पगाराच्या तीस टक्क्यांच्या जवळपास जातं. त्यातला थोडा वाटा कामगाराला दाखवायचा, ‘कापून घेऊ की पूर्ण हातात देऊ?’, आणि त्याने हातात मागितलं की त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, ‘मला पीएफ नको आहे, ही माझी स्वखुशी आहे.’ असली पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. खाली कामगाराचा अंगठा. कायद्यात त्या पत्राला काडीची किंमत नाही, हे मालकाला माहीत होतं, मलाही होतं. ज्याला माहीत नव्हतं त्याचाच अंगठा होता.

म्हणून ‘लोक रोखीचं काम पसंत करतात’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, पसंत कुणी केलं? बहुतेक ठिकाणी मालकाने आधीच ठरवलेलं असतं आणि कामगाराला फक्त होकार द्यायचा असतो. तुमच्याकडे बायकांना खरोखर दोन पर्याय होते, ही मुंबईत विरळी गोष्ट आहे. आणि तरी त्या गेल्या, म्हणून तुमचा प्रश्न मोलाचा.

पण मी रोखीची आरती ओवाळायला बसलेलो नाही. या व्यवहारात कामगार जे गमावतो ते एकदम गमावतो. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका सोसायटीच्या दुरुस्तीवर परांचीवरून रंगारी पडला. कमरेचं हाड गेलं. मस्टरवर नाव नाही, सोसायटी म्हणाली ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणाला हा माझ्याकडे त्या दिवशी नव्हताच. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अशा माणसालाही लागू होत आला, मस्टर असो वा नसो. पण तो कामावर होता हे सिद्ध कोण करणार? बरोबरचे दोघे साक्ष द्यायला तयार होते, मग त्यांना पुढचं काम त्याच ठेकेदाराकडे मिळालं. शेवटी चाळीस हजार रोख देऊन कागदावर सही घेतली. तो माणूस आता घरी बसतो, बायको चार घरं करते. ईएसआयसीचं पेहचान कार्ड असतं तर कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण होतं, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळत राहिले असते. पाऊण टक्का कापून जे मिळतं त्यातलं हे सगळ्यात मोठं, आणि नेमकं हेच कुणी त्यांना सांगत नाही. आजारपणाच्या पगाराला मात्र नव्या माणसाला सुमारे नऊ महिने थांबावं लागतं. बायकांच्या कानावर तेवढंच येतं, आणि त्या म्हणतात, ‘कार्ड काय कामाचं नाही.’

घरी ज्वेलरीचं काम करायला गेलेल्या त्या दोघींचं मला सगळ्यात वाईट वाटतं. खडे चिकटवायचे, कड्या जोडायच्या, पैसे ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांमागे. डोळे आणि मान जाते, दिवसाचे शंभर सुटले तरी पुष्कळ, आणि माल नापास झाला तर तेही नाहीत. त्यांनी हिशेबात चूक केली असं मला नाही वाटत. घरात अंथरुणावर कुणीतरी असणार किंवा अंगावरचं पोर. त्यांना विचारून बघा.

रोजंदारीवाल्याला कायद्याच्या छत्रात आणताच येत नाही, हे मला पटत नाही, कारण मुंबईनेच ते करून दाखवलं आहे. मस्जिद बंदर, दाणाबंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारा हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. मालक एक नाहीच, मग पीएफ कोण भरणार? अण्णासाहेब पाटलांनी ती माणसं संघटित केली आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची. मंडळ टोळीतल्या माणसांना मजुरी वाटतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी बघतं. मालक बदलत राहिला तरी कामगाराचं खातं एकच. पुढे १९८१ ला खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. (माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही नंतर निपजले, ते खरं. पण चोर शिरला म्हणून घर पाडत नाहीत.)

घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ चा कायदा आहे, त्यात मंडळ आहे, पण मजुरी मंडळातून जात नाही. नोंदणी करा आणि वाट बघा. २०२१ च्या निर्बंधांत नोंदणी असलेल्यांना एकदा १,५०० मिळाले, तेव्हा आमच्या दारात रांग लागली होती, नोंदणी नसलेल्यांची. बांधकाम कामगारांच्या मंडळाची गत वेगळी. तिथे पैसा आहे, पण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरचा माणूस ९० दिवसांत चाळीस मुकादमांकडे काम करतो. दाखला कुणी द्यायचा? मग दाखला मिळवून देणारा एजंट उभा राहतो आणि त्याचाही दर असतो.

आता तुमच्या हातात काय आहे ते बोलू. उरलेल्या पाच जणी टिकवायच्या असतील तर ठेकेदाराला सांगा, कंपनीचं बिल केव्हाही पास होवो, ७ तारीख चुकता कामा नये. नव्या बाईला पहिल्या महिन्यात दर शनिवारी दोन हजार उचल द्या आणि ती पुढच्या तीन-चार पगारांतून थोडी थोडी वळती करा. ठेकेदार कुरकुरेल. त्याला विचारा, तीन महिन्यांत सात बायका बदलायला किती खर्च आला. पाळी दोन तुकड्यांत करता येते का पाहा, सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सात. जवळ राहणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, लांबच्यांना नाही, तेव्हा सक्ती नको. गणवेशाचे पैसे कापू नका, ते शोभत नाही. खातं कुणाच्या नावावर आणि एटीएम कुणाच्या हातात हे एखाद्या जाणत्या बाईकडून विचारून घ्या, तुम्ही सगळ्यांसमोर विचारू नका. फॉर्म भरण्याआधी आधारवरचं नाव एकेक अक्षर जुळवा, जुना यूएएन आहे का विचारा. ईएसआयसीचं कार्ड हातात देऊन थांबू नका, एकदा दवाखान्यापर्यंत सोबत जा. औषध मिळालं की मग बोलण्याची गरज उरत नाही, ती स्वतःच वस्तीत सांगते.

रेशनकार्डाचं तुम्ही काही करू शकत नाही. खोटं आश्वासन तेवढं देऊ नका, ‘काही होत नाही हो’ असं म्हणून मोकळं होऊ नका. मर्यादा किती ते खरं सांगा आणि तिचं तिला ठरवू द्या.

एक काम मात्र उद्याच करा. गेलेल्या सात जणींचे तीन-तीन महिन्यांचे पीएफचे पैसे कापलेले आहेत. ते भरले गेले का, याची चलनं ठेकेदाराकडून मागवा. आणि प्रत्येकीची काम सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर टाकली आहे का, तेही पाहा. ती नसेल तर क्लेम पुढे सरकत नाही. बाईला ती नंतर स्वतः टाकता येते, पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर पुष्कळदा गावी असलेल्या भावाचा किंवा बंद पडलेला असतो.